राजरस्ता आणि गाडीवाट

श्रोतेहो, गावाहून तालुक्याला निघालात की फाट्यावर एक दगड दिसतो. अंगाने पांढरा, माथ्याला रंग. माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, आणि नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेतला गावरस्ता. मैल जाऊन किलोमीटर आले, तरी आपण त्याला मैलाचा दगडच म्हणतो. आज या पिवळ्या माथ्याच्या दगडाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. हा रस्ता कोणी आखला, कशासाठी आखला आणि आपल्या गाडीवाटेशी त्याचे नाते काय, हे आपल्याला ठाऊक हवे. कारण तो आपल्या दारावरून जातो. पुष्कळदा आपल्याच शेतातून जातो.

तसे पाहिले तर मोठा रस्ता आपल्याला नवा नाही. जुन्नरजवळचा नाणेघाट तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच घाटाने देशावर चढत असे. घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकीत, असे सांगतात. म्हणजे टोलनाका काही आजचा नव्हे, बरं का! उत्तरेत सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने बंगालपासून सिंधू नदीपर्यंतचा जुना मार्ग नीट बांधून काढला, दुतर्फा झाडे लावली, वाटसरूंसाठी सराया उभ्या केल्या. आपल्याकडे बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढणारा माल चाकांवर आला.

पण १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि रस्त्यांचे दिवस पालटले. सरकारचे लक्ष आणि पैसा दोन्ही रुळांकडे वळले. १९१९ च्या सुधारणांनंतर तर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला. एका प्रांताने सडक हद्दीपर्यंत आणून सोडावी आणि पलीकडच्याने तिकडे पाहूही नये, असे होऊ लागले. त्याच सुमारास, पहिल्या महायुद्धानंतर, मोटारी वाढल्या. खडीचा रस्ता बैलगाडीपुरता ठीक होता. मोटारीच्या वेगाने त्याचा धुरळा केला.

याचा विचार करायला १९२७ साली एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच जयकर. दुसऱ्या वर्षी समितीने अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा की, रस्ते वाढवणे हे आता प्रांतांच्या आणि लोकलबोर्डांच्या आवाक्याबाहेर गेले आहे. ते साऱ्या देशाचे काम समजले पाहिजे. मग पैसा कोठून आणायचा? तर पेट्रोलच्या दर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्यावा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. जो रस्ता झिजवतो त्यानेच तो राखायला हातभार लावावा, असा सरळ हिशेब. १९२९ साली असा निधी सुरू झाला. आज तुम्ही ट्रॅक्टरसाठी डिझेल घेता, त्याच्या किमतीतही रस्त्यांसाठीचा उपकर असतो. त्याचे मूळ हे असे शंभर वर्षांमागे आहे.

पैशाची सोय झाली, पण नकाशा कोठे होता? तो नकाशा नागपुरात तयार झाला. १९४३ च्या डिसेंबरात, दुसरे महायुद्ध चालू असताना, सगळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य इंजिनिअर नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. ती ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. तिने रस्त्यांची उतरंड लावली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्ह्याचे मोठे रस्ते, जिल्ह्याचे लहान रस्ते आणि शेवटी गावरस्ते. शिक्षकबंधूंनी वर्गात फळ्यावर एक झाड काढून दाखवावे. महामार्ग हे खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि डहाळीच्या टोकाला पान, म्हणजे आपले गाव. शेतीच्या चांगल्या मुलखातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असा त्या योजनेचा दंडक होता. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. महामार्ग आखणाऱ्यांनी दिल्ली-मुंबई जशी डोळ्यांसमोर ठेवली, तशीच गाडीवाटही ठेवली होती.

१ एप्रिल १९४७ पासून राष्ट्रीय महामार्गांचा खर्च केंद्र सरकारने आपल्याकडे घेतला. त्या वेळी त्यांची लांबी होती सुमारे २१,४०० किलोमीटर. तीही सलग नव्हती; मध्येच रस्ता तुटलेला, नदीवर पूल नाही. राज्यघटनेने राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत आणि बाकीचे रस्ते राज्यांच्या यादीत घातले. १९५६ साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. १९८८ च्या कायद्याने महामार्ग प्राधिकरण आले आणि १९९५ पासून त्याचे काम सुरू झाले. १९९८ साली सुवर्ण चतुष्कोनाची योजना पुढे आली. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता ही चार टोके ५,८४६ किलोमीटरच्या चौपदरी रस्त्याने जोडायची. आपल्या पुणे, सातारा, कोल्हापूरकडच्या गावांनी हे काम जवळून पाहिले. डिसेंबर २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली. खोडाला आणि डहाळ्यांना असे एकाच सुमारास पाणी मिळाले, हे चांगले झाले.

आज देशात राष्ट्रीय महामार्ग सुमारे १ लाख ४६ हजार किलोमीटर आहेत. २०१० साली त्यांचे क्रमांक बदलले, त्यामुळे जुनी माणसे अजून घोटाळ्यात पडतात. पुणे-बंगळूर रस्ता चार नंबरचा होता, तो अठ्ठेचाळीस झाला. मुंबई-गोवा सतराचा सहासष्ट झाला. पण नव्या क्रमांकांत एक युक्ती आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. आणि गंमत पहा, श्रीनगर-कन्याकुमारीचा चव्वेचाळीस आणि सुरतेकडून बंगालकडे जाणाऱ्या वाटेवरचा त्रेपन्न, हे दोन रस्ते एकमेकांना भेटतात ते नागपुरात. जिथे नकाशा आखला, तिथेच.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमचे गाव अशाच एका महामार्गावर आहे. रस्ता चौपदरी झाला तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो. गावाला आनंद झाला. ऊस लवकर कारखान्यावर जाऊ लागला, दूध नासायचे थांबले, अडलेल्या बाळंतिणीला घटकाभरात दवाखाना दिसू लागला. पण वस्ती राहिली रस्त्याच्या अलीकडे, आणि शाळा व निम्मे शिवार पलीकडे. एका संध्याकाळी माझे चुलते बैल घेऊन रस्ता ओलांडत होते. बैल पार झाले, चुलते झाले नाहीत. ज्या रस्त्यासाठी त्यांनी स्वतः दहा गुंठे जमीन दिली होती, तोच हा रस्ता.

गाव चिडले, दोन दिवस बसले, उठले. काही हलले नाही. मग आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी एक साधे काम हाती घेतले. सातवीच्या मुलांना घेऊन ते सकाळ-संध्याकाळ रस्त्यापासून दूर, चिंचेखाली बसू लागले. किती मुले रस्ता ओलांडतात, किती बायका, किती गुरे, किती गाड्या, हे वहीत मांडू लागले. तारीखवार, वेळवार. असे त्यांनी एक अख्खे वर्ष केले. ती वही घेऊन ते कचेरीत गेले आणि पुन्हापुन्हा जात राहिले. अर्जाला उत्तर आले नव्हते. आकड्यांना द्यावे लागले. आज आमच्या गावाला रस्त्याखालून भुयारी वाट आहे. मी तिच्यातून जातो तेव्हा बरे वाटते, आणि चुलत्यांची आठवण येऊन वाईटही वाटते.

हे दुःख एका घराचे नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली. त्यांतली ६१ हजारांहून अधिक राष्ट्रीय महामार्गांवर आणि द्रुतगती मार्गांवर गेली. आणि हे मार्ग म्हणजे देशातल्या एकंदर रस्त्यांचा लहानसा भाग. राजरस्ता आणि गाडीवाट जिथे एकमेकांस भेटतात, ती जागा विचाराने बांधली नाही तर असे होते.

म्हणून गावकरी बंधुभगिनींना माझे सांगणे आहे. महामार्गावर कोणी पडलेला दिसला तर पुढे व्हा, भिऊ नका. अशा वेळी मदत करणाऱ्याला पोलिसांनी वा दवाखान्याने त्रास देऊ नये, असे संरक्षण २०१९ च्या मोटारवाहन दुरुस्तीने दिले आहे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. तो पोराबाळांना पाठ करून द्या. आणि गुरुजनहो, तुमच्या शाळेजवळ महामार्ग असेल तर भूगोलाचा एक तास सुरक्षित जागी फाट्यालगत घ्या. मुलांना तो पिवळा माथा दाखवा, नागपूरची गोष्ट सांगा. आणि एक वही घाला. काय मोजायचे, ते मुलांना तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.