शेडमध्ये शिरण्याचा अधिकार

पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्रीतले पक्षी भराभर मरू लागले. त्यांचे नमुने आले ते इथे, भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत. भारतातला पहिला बर्ड फ्लू या शहरात निश्चित झाला. लगेच सरकारी पथकं नवापूरच्या शेडांत शिरली आणि लाखो पक्षी मारून पुरले. २०२१मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली.

दोन्ही वेळा ‘काय ते गिऱ्हाईक ठरवेल’ असं कुणी म्हटलं नाही. माणसाच्या जिवावर बेतलं, तेव्हा शेडमध्ये शिरण्याचा सरकारचा अधिकार सगळ्यांनी मान्य केला. मग त्याच शेडमध्ये कोंबडी जगते कशी, हा प्रश्न आपण बाजारावर का सोडतो?

ज्याला कळवळा आहे त्याने महाग अंडी घ्यावीत, गरिबाच्या ताटातलं स्वस्त अंडं महाग करू नये, असं म्हणणारे लोक निर्दय नाहीत. गरिबाच्या ताटाची त्यांची काळजी मलाही आहे. पण आपण अंडी घेतो कशी? कोपऱ्यावरच्या दुकानातून, तीसच्या ट्रेमधली, सुटी. त्यावर ना फार्मचं नाव, ना पिंजऱ्याचं माप. निवड करायची तर समोर दोन गोष्टी तरी हव्यात! आपल्या वादांतही कोंबडी कुठे नसते. अंगणवाडीत अंडं द्यावं की नाही, यावर २०१५मध्ये इथे मध्य प्रदेशात मोठा वाद झाला. पोषणावर बोललं गेलं, श्रद्धेवर बोललं गेलं. अंडं देणाऱ्या पक्ष्याबद्दल त्या वादातलं एक वाक्यही मला आठवत नाही.

कायदा नाही असंही नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार, प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात त्याला कोंडणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. जागा नेमकी किती हवी, हे मात्र त्या कलमात नाही. २०१७मध्ये विधी आयोगाने अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांवर स्वतंत्र अहवाल दिला. २०१९च्या नियमांच्या मसुद्यात एका पक्ष्यामागे ५५० चौरस सेंटिमीटर जागा सुचवली गेली. साधा ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे सुधारणा म्हणून सुचवलेली जागासुद्धा तुमच्या गुणपत्रिकेच्या कागदाहून लहान. तेवढ्यात पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, अंडं घालायला आडोसा मिळत नाही.

युरोपीय संघाने कोंबड्यांचे साधे, ओळीने रचलेले ‘बॅटरी’ पिंजरे बंद करायचं १९९९मध्ये ठरवलं आणि बंदी लागू केली १ जानेवारी २०१२पासून. मधली बारा वर्षं शेतकऱ्याला बदलासाठी मिळाली. तिथे अंड्यावर कोंबडी कशी पाळली याचा आकडाही छापतात, ग्राहक तो पाहून निवडतो. पण कायद्याने आखलेल्या मर्यादेच्या वर.

आपल्याकडचा पोल्ट्रीवाला कर्जावर शेड उभारतो आणि रोज जाहीर होणाऱ्या रेटला अंडी विकतो. पक्ष्यांना जास्त जागा देणारा एकटा असेल, तर तोच बुडतो. नियम सगळ्यांना एकच असेल, तर तो शेजाऱ्यासमोर टिकतो. तुमच्यातले काही उद्या नियमांचे मसुदे लिहितील, काही फार्म तपासतील, काही बँकेत कर्जाच्या फायली पाहतील. पिंजऱ्याचं माप ठरवाल त्याच कागदावर जुनं शेड बदलायला किती वर्षं मिळतील आणि त्यासाठी कर्ज किती व्याजाने मिळेल, हेही लिहा.