पूर ओसरल्यानंतर
(सहायक समितीच्या वार्षिक सभेतील भाषण)



पाऊस नाही म्हणून अन्न नाही, हे कोणासही समजते. परंतु पाणी उदंड असूनही अन्नाची ददात पडते, हे कृष्णाकाठाने ऑगस्ट २०१९ मध्ये व पुनः जुलै २०२१ मध्ये दाखविले. दुष्काळनिवारणाच्या समितीने पुराकडे का वळावे, या शंकेचे आमचे उत्तर हेच आहे.

हा पूर डोंगरी ओढ्याचा लोंढा नव्हे. पाऊस पडतो सह्याद्रीच्या माथ्यावर. वारणा हरिपुरास आणि पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते, आणि पुढे सपाट प्रदेशात पाण्याची गती मंदावते. कृष्णा भरली की पंचगंगेचे पाणी मागे तुंबून शिरोळ तालुक्याच्या काळ्या रानात पसरते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर चढले. इंचाइंचाने चढणारे हे पाणी घर सोडण्यास बहुधा अवधी देते. परंतु ते जातेही तितक्याच सावकाश. तोवर उसाच्या पोंग्यात गाळ शिरून तो कुजतो, सोयाबीन नासते, कडब्याच्या गंजी सडतात, आणि भिजलेल्या मातीच्या भिंती पाणी उतरल्यावर ढासळतात.

वकिलीच्या व्यवसायात कागदाची किंमत आम्ही जाणतो. पिकाची सरकारी मदत सातबाऱ्यावरील नावास मिळते. तोंडी कराराने कसणारा वाटेकरी आणि रोजावर राबणारा मजूर यांचे नाव त्या कागदावर नसते. मालकाचे पीक बुडाले, की मजुराचे भांगलणीचे व तोडणीचे महिने बुडतात; त्यांचा पंचनामा कोणी करीत नाही.

धान्य व वस्त्रे यांचा ओघ पहिल्या आठ दिवसांत येतो, आणि तो आपल्या औदार्यास शोभतो. पण खरा उपवास पुढे सुरू होतो. यास्तव आमची विनंती, की आपल्या देणगीचा निम्मा भाग रब्बीच्या पेरणीपर्यंत राखून ठेवण्यास समितीस अनुमती द्यावी. त्यातून वाटेकऱ्यास बियाणे व वैरण, आणि मजुरास पडक्या भिंती उभारण्याचा रोज मिळेल. भिक्षा म्हणून नव्हे, कामाचा दाम म्हणून.

बागायतदार गृहस्थांस आणखी एक मागणे: आपल्या वाटेकऱ्यांची व मजुरांची नावे आपण स्वतः आम्हांस लिहून द्यावीत. जे नाव सरकारी कागदावर नाही, ते निदान आपल्या हातच्या कागदावर तरी असावे.