सुटीच्या दिवसाचे रीडिंग

ऊर्जा संवर्धन अधिकाऱ्याच्या कामाचे फळ कोणत्याही मीटरवर दिसत नाही. मीटर फक्त खप मोजतो. जी वीज वापरलीच गेली नाही ती मोजणारे यंत्र नाही. ती वजाबाकीने काढावी लागते. किती खर्च झाला असता, त्यातून किती झाला ते वजा करायचे. यातला दुसरा आकडा महावितरणच्या बिलावर छापून येतो. पहिला आकडा अधिकाऱ्याने ठरवायचा असतो. व्यवसायात त्याला बेसलाइन म्हणतात आणि व्यवसायाची सगळी अब्रू त्या एका आकड्यात असते. आज पदवी घेणाऱ्या स्नातकांचे आणि त्यांच्या पालकांचे अभिनंदन. पुढचे विवेचन मुख्यतः त्या आकड्याविषयी आहे.

१९७३ च्या तेलसंकटात खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळपास चौपट झाल्या. इंधन जपून वापरणे हा एक स्वतंत्र व्यवसाय असू शकतो, ही जाणीव भारतीय कारखानदारीत त्यानंतर रुजली. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ स्थापन झाला. त्या पिढीचे काम बहुतेक बॉयलर आणि भट्टी यांच्याभोवती फिरे. धुराड्यातून जाणाऱ्या वायूचे तापमान साधारण २२ अंशांनी उतरले की बॉयलरची कार्यक्षमता एका टक्क्याने वाढते, हा ठोकताळा तेव्हा सर्वांना तोंडपाठ असे.

प्रस्तुत वक्त्याला तो पुस्तकाआधी एका फायरमनकडून समजला. हा गृहस्थ प्रत्येक शिफ्टला धुराड्याचे तापमान खडूने बॉयलर हाउसच्या भिंतीवर लिहीत असे. भार तोच असून आकडा चढू लागला, म्हणजे नळ्यांना काजळी धरली. उष्णता पाण्यात न उतरता वर निघून चालली. मग तो वरच्या हुकमाची वाट न पाहता नळ्या साफ करण्यासाठी बॉयलर मागून घेई. कोळसा किती वाचला, असे त्याला कधी कोणी विचारले नाही. पुढे एका पाहुण्यांची भेट ठरली, बॉयलर हाउसला चुना मारण्यात आला आणि कित्येक महिन्यांचे आकडे त्याखाली गेले. कारखान्यातली सर्वांत खरी नोंदवही ती भिंत होती. ती पुसली गेल्याची खंत इतक्या वर्षांनंतरही कमी झालेली नाही.

कायद्याचे बळ या कामाला २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने दिले. १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्यूरो अस्तित्वात आला. ज्या मोठ्या ग्राहकांची सरकार अधिसूचना काढते त्यांना ऊर्जा व्यवस्थापक नेमणे बंधनकारक झाले आणि त्या पदासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा सुरू झाली. महाराष्ट्रात अंमलबजावणीचे काम महाऊर्जा या संस्थेकडे आले. पद निर्माण झाले. अधिकार मात्र त्याबरोबर आला नाही. अनेक ठिकाणी मेंटेनन्सच्या अभियंत्याकडेच ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून हे काम सोपवले जाते. यंत्र बंद पडले तर त्याचा जाब त्याच दिवशी विचारला जातो, वीज वाया गेली तर कधीच नाही; मग तो माणूस कोणत्या कामाला आधी धावणार? १४ डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, त्याला घोषवाक्यांच्या स्पर्धेचे परीक्षक केले जाते. एका पात्र अभियंत्याचा असा उपयोग करणे चूक आहे, आणि ही चूक बरीच वर्षे चालू आहे.

प्रत्यक्ष काम कारखाना बंद असताना सुरू होते. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. उत्पादन शून्य असताना जो खप होतो तो कारखान्याचा स्थिर खप. तो समजल्याशिवाय चालू दिवसाचे बिल समजत नाही. अशाच एका गुरुवारी प्रस्तुत वक्ता एका इंजिनिअरिंग कारखान्यात शिरला तेव्हा शॉपमध्ये माणूस नव्हता, दिवे बंद होते आणि पलीकडे कॉम्प्रेसर चालू होता. सुरक्षारक्षकाने सांगितले, तो कायमच चालू असतो. शांततेत पाइपलाइनचा एकेक सांधा फुसफुसताना ऐकू येत होता. एरवीच्या गोंगाटात तो आवाज कोणाला कळला नसता. घड्याळ लावून पाहिले, तर कॉम्प्रेसर दोन मिनिटे लोड घेत होता आणि तीन मिनिटे रिकामा फिरत होता. हवा वापरणारे एकही यंत्र चालू नसताना पाचांतली दोन मिनिटे लोड, म्हणजे क्षमतेच्या ४० टक्के हवा गळतीत जात होती. दाबलेली हवा ही कारखान्यातली सर्वांत महाग ऊर्जा, कारण कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णता होऊनच निघून जातो. दुरुस्तीला लागले काही क्लॅम्प, काही होज आणि दोन दिवस.

पंपांची गोष्ट वेगळी. गरजेपेक्षा मोठा पंप बसवायचा आणि व्हॉल्व्ह अर्धा आवळून चालवायचा, ही सवय सर्वत्र आहे. पाणी उंच चढवायचे नसून नुसते फिरवायचे असेल, तर वेग ८० टक्क्यांवर आणल्यावर पंपाला लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आवळलेला व्हॉल्व्ह म्हणजे ब्रेक दाबून ठेवून गाडी हाकणे.

तंत्राचा हा भाग शिकता येतो आणि स्नातक तो शिकतील. खरी अडचण नोंद लिहिताना येते. मंदीच्या एका वर्षी एका कारखान्याने उत्पादन घटवले, बिल उतरले आणि ती घट ‘ऊर्जा बचत’ म्हणून अहवालात लिहिली गेली. हिशेब सोपा आहे. समजा, महिन्याला १,००० टन मालाला ६ लाख युनिट लागतात आणि त्यांतले दीड लाख युनिट स्थिर आहेत. उत्पादन ७०० टनांवर आले की खप ४ लाख ६५ हजारांवर येतो. बिलातले युनिट साडेबावीस टक्क्यांनी कमी दिसतात, पण टनामागचा खप ६०० वरून ६६४ वर चढलेला असतो. त्या वर्षी त्या कारखान्यात असेच झाले होते. तो अहवाल पाहून व्यवस्थापनाने कॉम्प्रेसरच्या कामासाठी मागितलेला निधी नाकारला. बचत आधीच झालेली असताना नवा खर्च कशाला, असे कारण दिले. अहवालाखाली प्रस्तुत वक्त्याची सही होती. वय कमी होते, वरिष्ठांचा आग्रह होता. पण सही तर होतीच. उत्पादन पूर्ववत झाले त्या वर्षी बिल पुन्हा चढले आणि ‘बचत गेली कुठे’ या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नव्हते.

पुढच्या काळात बेसलाइनच्या आकड्याची किंमत वाढतच गेली. २०१२ साली सुरू झालेल्या ‘पॅट’ योजनेच्या पहिल्या फेरीत आठ उद्योगक्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना उत्पादनाच्या एककामागच्या खपाची लक्ष्ये मिळाली. लक्ष्यापुढे गेलेल्यांना विकता येतील अशी प्रमाणपत्रे आणि मागे राहिलेल्यांना ती विकत घेण्याची सक्ती, अशी रचना होती. बेसलाइन २००७ ते २०१० या तीन आर्थिक वर्षांच्या सरासरीवर बांधली गेली आणि उत्पादनातल्या चढउतारासाठी दुरुस्तीची तरतूदही होती. मंदीला बचत म्हणण्याची सोय त्यामुळे बरीच बंद झाली, हे या योजनेचे मोठे श्रेय. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात कार्बन क्रेडिटची बाजारपेठ आली. आता फुगवलेली बेसलाइन म्हणजे नुसता खोटा अहवाल राहत नाही. ती खोटी नाणी पाडते. ती नाणी विकत घेणारा दुसरा कारखाना आपला धूर चालू ठेवतो, आणि कागदावर दोघेही स्वच्छ ठरतात.

म्हणून या भाषणातला आग्रह एकच आहे. मोजल्याशिवाय बचत लिहू नये, आणि बेसलाइन काम सुरू होण्याआधी लिहावी, नंतर नव्हे. ती नंतर लिहिणाऱ्याला हवा तो आकडा मिळतो. वरिष्ठ घाई करतील, सल्लागार कंपन्या तयार तक्ते देतील, पुरस्काराच्या अर्जाची मुदत उद्या संपत असेल, तरीही नाही. या व्यवसायात चुकीच्या शिफारशीची भरपाई करता येते. खोट्या बेसलाइनची करता येत नाही, कारण आधीची स्थिती पुन्हा मोजायला मिळत नाही.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक स्नातकाने कारखान्याच्या सुटीच्या दिवशी मुख्य मीटरजवळ स्वतः जावे. संध्याकाळी सहाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचे रीडिंग घ्यावे आणि दोन्ही आकडे तारखेसह शाईने वहीत लिहावेत.