माणदेशची धावपटू आणि पाळीची वेळ
(पिंपरी येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणावरून)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने धावण्याच्या शर्यतीवर बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ललिता बाबर हिची कारकीर्द मी श्रमाच्या मोलाचा अभ्यासक म्हणूनच वाचली आहे.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातले मोही हे तिचे गाव. पर्जन्यछायेचा, दुष्काळाने गांजलेला हा मुलूख. तेथली माणसे पोटासाठी मुंबईला गेली, तशीच आपल्या या पट्ट्यातही आली. या सभेतही माणदेशी मंडळी असतील. शेतकऱ्याच्या घरातली ही मुलगी आधी खो-खो खेळत असे, पुढे लांब पल्ल्याकडे वळली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे ती पहिली आली. मग तिने ३,००० मीटर स्टीपलचेस ही शर्यत धरली. तीत २८ अडथळे आणि पाण्याचे ७ खड्डे ओलांडावे लागतात. हे अडथळे पक्के असतात. पाय लागला तर धावणारीच पडते. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ साली वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवा क्रमांक. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली व दहावी आली. धावपट्टीवरील अंतिम फेरीत भारतीय खेळाडू दिसला तो १९८४ च्या पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी.

स्त्रियांना हे अंतर कोणी आपण होऊन दिलेले नाही. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकनंतर बायकांना झेपत नाही म्हणून त्यांची ८०० मीटरची शर्यत बंद झाली, ती १९६० साली परत आली. मॅरेथॉन १९८४ साली मिळाली आणि स्टीपलचेस तर २००८ साली. कारखान्यात बाईला हलके काम देऊन हलकी मजुरी देणारे तर्कशास्त्र याहून निराळे नाही.

आता मुद्द्याचे. धावणे हा गरिबांचा स्वस्त खेळ, असे आपण सहज म्हणून जातो. हे अर्धसत्य आहे. बूट स्वस्त असतील, पण पोषक अन्न आणि विश्रांतीचा वेळ या दोन गोष्टी मजुराच्या घरात सर्वांत महाग असतात. यश मिळेपर्यंतची सारी जोखीम एकटे कुटुंब उचलते. यशानंतर मात्र सत्काराला सगळे हजर! ललिताला आधार मिळाला तो रेल्वेच्या नोकरीचा, म्हणजे सार्वजनिक क्षेत्राचा. पुढे राज्य शासनानेही तिला उपजिल्हाधिकारी केले. हे योग्यच झाले. पण कायम नोकऱ्या आटत जाऊन त्यांच्या जागी कंत्राटी कामगार येतात, तेव्हा हा जिनाच काढून घेतला जातो. कंत्राटदार कोणाला सरावासाठी भरपगारी रजा देईल?

माझ्या वर्गात पूर्वी एक मुलगी शेवटच्या बाकावर बसून पेंगत असे. मी एकदा रागावलोही. मागाहून कळले की ती पहाटे चारला उठून धावते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिने पदकही आणले होते. पदवीनंतर एका कारखान्यात तिला कंत्राटी काम मिळाले. आठ तासांची पाळी, जाण्यायेण्याचे दोन तास, घरी आल्यावर चूल. धावणे सुटले. काही वर्षांनी ती बसथांब्यावर भेटली. ‘सर, आता धावते ती फक्त बस पकडायला,’ म्हणाली आणि हसली. मला हसता आले नाही.

येथून जवळच, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेले बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे. तेथे सोय नाही असे मी म्हणत नाही. पण चाकणच्या रात्रपाळीहून सुटलेल्या मुलीने तेथे कधी जावे आणि कोणत्या बसने? आपल्या मागणीपत्रकात बोनस असतो, महागाई भत्ता असतो. या खेपेस कामगार वस्तीतल्या मैदानावर पहाटेचे दिवे आणि खेळणाऱ्या मुलींना पाळी बदलून मिळण्याचा हक्क, ही दोन कलमे त्यात घालावीत, एवढे मी सुचवतो. मसुदा रविवारच्या बैठकीत यायचा आहे, असे कळते.