एकट्याने, आगगाडीने, युरोपात



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, तेव्हा या व्यासपीठावरून कोणी आगगाडीचे वेळापत्रक समजावून सांगेल, असे त्यांच्या मनातही आले नसेल. तरीही आम्ही आजचा विषय मुद्दाम निवडला आहे. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत अनेक घरांतून एक प्रश्न हल्ली ऐकू येतो. युरोप पाहावयाचा आहे, सहलीच्या जथ्यामागे धावणे नको, आणि सोबतीला कोणी नाही. मग एकट्याने जावे काय? त्यावर घरातून लागलीच उत्तर येते, "एकट्याने? या वयात? कशाला?"

विलेपारल्यात वाढलेल्या पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६० साली निघाली, तेव्हा विलायत ही खरोखरच अपूर्वाई होती. आणि त्या प्रवासात सुनीताबाई बरोबर होत्या. पुढे मीना प्रभूंनी एकटीने देशोदेशी हिंडून ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. म्हणजे एकट्याच्या प्रवासाची वाट मराठी माणसाला अगदीच अनोळखी नाही. आमचे म्हणणे एवढेच की, उपनगरात राहणाऱ्या माणसाला या प्रवासाची निम्मी विद्या आधीच येत असते. उरलेली निम्मी मात्र त्याला नव्याने शिकावी लागते.

आपल्याला येणारी विद्या कोणती? १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती याच मुलुंडच्या वाटेने. तेव्हापासून आपण गाडीबरोबर जगत आलो आहो. कोणती गाडी कोठे थांबत नाही, फलाट कोणत्या बाजूला येणार, विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरण्याचा हट्ट का धरू नये, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पॅरिसला निरनिराळ्या दिशांच्या गाड्या निरनिराळ्या टर्मिनसांवरून सुटतात, हे ऐकून दुसरा कोणी गोंधळेल. दादर, वांद्रे टर्मिनस आणि कुर्ल्याचे टिळक टर्मिनस यांतला फरक जाणणारा गोंधळणार नाही. 'गार द लियों' हे स्थानक लियों शहरात नसून पॅरिसातच आहे, हे त्याला एकदा सांगितले की पुरे.

आता न येणारी विद्या. आमचा पहिला आराखडा चौदा रात्रींत नऊ शहरांचा होता. कागदावर तो मोठा देखणा दिसे. मग आम्ही एक हिशेब मांडला. शहर बदलावयाचे म्हणजे सामान बांधणे, स्थानक गाठणे, गाडी, नवे बिऱ्हाड शोधणे. यात अर्धा दिवस सहज जातो. नऊ शहरे म्हणजे आठ वेळा अर्धा दिवस, म्हणजे चार दिवस नुसत्या पिशव्या उचलण्यात! म्हणून आमचा पहिला नियम असा की, शहरे मोजू नयेत, रात्री मोजाव्यात. आणि कोठेही तीनपेक्षा कमी रात्री ठेवू नयेत.

या नियमाने आमच्या यादीत चारच नावे उरली: पॅरिस चार रात्री, झुरिक तीन, व्हेनिस तीन, व्हिएन्ना चार. विमानाने पॅरिसला उतरावयाचे आणि व्हिएन्नाहून परतावयाचे, म्हणजे आलेल्या वाटेने मागे फिरणे नाही. पॅरिस ते झुरिक सुमारे चार तास. झुरिकहून मिलानला जाताना २०१६ साली खुला झालेला गॉटहार्डचा पायथ्याचा बोगदा लागतो. त्याची लांबी ५७ किलोमीटर, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याणपर्यंतच्या अंतराहून किंचित अधिकच. मिलानला गाडी बदलून अडीच तासांच्या आत व्हेनिस. तेथून आल्प्स ओलांडून व्हिएन्ना मात्र सात-आठ तासांवर आहे. तो सबंध दिवस खिडकीलाच द्यावा, आणि तो वाया गेला असे मानू नये.

आराखडा ठरला की मग व्हिसा. शेंगेन करारातल्या २९ देशांना एकच व्हिसा चालतो आणि १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. अर्ज कोणत्या देशाकडे करावयाचा? जेथे मुक्काम सर्वांत अधिक, त्याच्याकडे. मुक्काम सारखाच असेल, तर जेथे प्रथम पाऊल ठेवणार त्याच्याकडे. आमच्या यादीत पॅरिस आणि व्हिएन्ना बरोबरीचे, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. व्हिएन्नाची एक रात्र वाढविली असती, तर तो ऑस्ट्रियाकडे करावा लागला असता. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्याच्या गर्दीत इतके थांबणे म्हणजे संकटाला आमंत्रण. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. व्हिसा हातात पडेपर्यंत रद्द करता येतील अशीच बिऱ्हाडे ठरवावीत.

तिकिटांविषयी एक गैरसमज आहे. युरेल पास १९५९ साली निघाला, तो युरोपाबाहेरच्या रहिवाशांसाठी. पुष्कळांना तो आपल्या लोकलच्या पासासारखा वाटतो: खिशात घातला आणि चढले गाडीत! तसे नाही. फ्रान्स आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना पासावरही जागा वेगळी राखून ठेवावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे पडतात. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातल्या बहुतेक देशांतर्गत गाड्यांना ते बंधन नाही. प्रवास चार-पाचच असतील, तर महिने आधी काढलेली सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात. मात्र ती त्याच गाडीला बांधलेली असतात. गाडी चुकली की तिकीटही गेले.

किरकोळ गोष्टी थोडक्यात सांगतो. दादरचा पूल गर्दीच्या वेळी चढता येईल, एवढेच सामान घ्यावे. तुपाची बरणी घरीच ठेवावी, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधामांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. स्थानकांची नावे तिकडच्या बोलीत पाठ करावीत. पाटीवर व्हिएन्ना नसते, 'वीन' असते, आणि व्हेनिस नसून 'वेनेत्सिया' असते.

या वेनेत्सियानेच आमची परीक्षा घेतली. संध्याकाळची वेळ, पाटीवर ते अक्षर दिसले आणि आम्ही घाईने उतरलो. गाडी निघून गेली. समोर ना पाणी, ना होड्या. साध्या शहराचे साधे स्थानक. ते 'वेनेत्सिया मेस्त्रे' होते, खाडीअलीकडचे. आम्हांस जावयाचे होते पलीकडच्या 'सान्ता लुचिया'ला. चूक सर्वस्वी आमची होती, आणि रागावावयाला बरोबर कोणी नव्हते. आमच्या घरी वेळापत्रक पाहण्याचे काम चाळीस वर्षे दुसऱ्या माणसाकडे होते. ते माणूस आता नाही, म्हणून तर हा प्रवास एकट्याचा होता. त्या फलाटावर पिशवीवर बसून राहिलो, तेव्हा घरच्यांचे ते "कशाला?" अगदी बरोबर वाटले.

मग सवयीने मान वर गेली आणि डोळे इंडिकेटर शोधू लागले. सान्ता लुचियाची पुढची गाडी थोड्याच मिनिटांत होती. अंतर दहा मिनिटांचे. म्हणजे झाले होते काय, तर दादरला जाणारा मनुष्य कुर्ल्याला उतरला होता! आम्ही एकटेच हसलो. तिकीट काढले, गाडीत बसलो आणि पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना पाणी दिसू लागले.

त्या दिवशी आम्हांस पुढची गाडी पकडावयाची नव्हती, कोणी ताटकळत नव्हते, म्हणूनच ती चूक दहा मिनिटांत मिटली. नऊ शहरांच्या आराखड्यात तिने दोन दिवस बिघडविले असते. एकट्याने जाणाऱ्याची खरी सोबत म्हणजे त्याने राखून ठेवलेला हा मोकळा वेळ. आपण उपनगरवासी आठ-सतराची आठ-वीसला आली की कासावीस होतो. आपल्याला नव्याने शिकावयाची विद्या ती हीच.

ज्यांच्या मनात जावयाचे आहे, त्यांनी आधी एक प्रयोग करावा. पुढल्या रविवारी एकट्याने नाशिकला किंवा डहाणूला गाडीने जावे. कोणाला बरोबर घेऊ नये, दिवस ठासून भरू नये, अनोळखी ठिकाणी एकट्याने जेवावे आणि रात्री घरी परत यावे. तो दिवस आनंदात गेला, तर दुसऱ्या दिवशी पासपोर्टची मुदत तपासावी. घरच्यांच्या "कशाला?"चे उत्तर तोपर्यंत तुमच्याजवळ तयार झालेले असेल.