प्रबंधाची तोंडी परीक्षा

‘डॉक्टर’ हा शब्द कानी पडला की प्रथम औषधाची बाटली डोळ्यांसमोर उभी राहते. वास्तविक ज्या लॅटिन धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ ‘शिकविणे’ एवढाच आहे. युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांत ज्याला शिकविण्याचा अधिकार हवा असे, त्याला जाणत्यांच्या सभेत उभे राहून आपले म्हणणे मांडावे लागे आणि आक्षेपांना तेथल्या तेथे उत्तरे द्यावी लागत. जाडजूड लेखी प्रबंधाची प्रथा त्या मानाने पुष्कळ अलीकडची. आपल्याकडील शास्त्रीमंडळींना यात नवल वाटण्याचे कारण नाही. पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तोही असा की प्रतिपक्षाने मान डोलवावी. मग त्याचे खंडन करून सिद्धांताशी यावयाचे, ही वाक्यार्थसभेची रीत. पीएच. डी.ची तोंडी परीक्षा याच कुळातील आहे. ती पाठांतराची परीक्षा समजून जो उमेदवार रात्र रात्र जागून सनावळ्या घोकतो, तो भलत्याच दाराशी पहारा देत बसलेला असतो.

या दिवसापर्यंत पोहोचणे हेच मुळी कठीण. प्रबंध आपोआप संपत नाही, तो संपवावा लागतो. शेवटचे प्रकरण लिहावयास बसावे, तो पणजीच्या पुराभिलेखागारातील आणखी एक पोर्तुगीज दप्तर पाहावयाचे राहिल्याचे आठवते. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातील एखादे हस्तलिखित खुणावू लागते. या मोहाला कष्टाळूपणा म्हणण्याची चाल आहे. पुष्कळदा ती निव्वळ भीती असते. प्रबंध जोवर स्वतःच्या टेबलावर आहे, तोवर त्याला चूक म्हणणारा कोणी नसतो! त्यातच पानांच्या संख्येचा दरारा. इंदूरला जन्मलेल्या कमला सोहोनी यांना १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली ती वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम या द्रव्यावरील संशोधनासाठी, आणि त्यांचा प्रबंध होता अवघ्या चाळीस पानांचा. अर्थात विज्ञानाची गोष्ट निराळी, इतिहासाची निराळी. पण चारशे पाने झाल्याखेरीज विद्वत्ता सिद्ध होत नाही ही समजूत कोणत्याच विषयाला शोभणारी नव्हे.

प्रबंध एकदा हातावेगळा केला म्हणजे तो परत येणारच नाही, असेही नाही. महूला जन्मलेले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण या बाबतीत मनन करण्याजोगे आहे. १९१६ साली ते लंडनला पोहोचले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी त्यांना परतावे लागले. पदरची शिल्लक आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी सादर केला. १९२३ च्या प्रारंभी परीक्षकांनी तो सुधारणेसाठी परत केला. इंग्रजी अमदानीतील चलननीतीवरील टीका त्यांना बोचली, असे चरित्रकार सांगतात. हाती पैसा उरलेला नव्हता. आंबेडकर एप्रिलमध्ये मुंबईस आले, येथे बसून त्यांनी मजकूर नव्याने बांधला आणि ऑगस्टमध्ये तो परत लंडनला धाडला. मांडणी बदलली, निष्कर्ष जेथल्या तेथे राहिले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डी. एस्सी. पदवी मिळाली. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी छापील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच शिष्याच्या पुष्कळशा टीकेशी आपण सहमत नाही असे नमूद केले. शिष्याचे मत पटत नसताना त्याच्या ग्रंथाच्या दारात उभे राहून त्याचे स्वागत करणे, हे गुरूच्या मोठेपणाचे लक्षण होय. सगळ्यांच्याच वाट्याला असा गुरू येतो असे मात्र नाही.

भारतातील सध्याची पद्धत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी बांधलेली आहे. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज निदान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, आणि त्यांचे अभिप्राय अनुकूल आले म्हणजे तोंडी परीक्षेचा दिवस ठरतो. म्हणजे उमेदवार खोलीत पाऊल टाकतो तेव्हा कागदावर तो बहुधा उत्तीर्णच झालेला असतो. मग हातपाय गार का पडावेत? एक कारण असे की, इतकी वर्षे ज्यांनी बोट धरून चालविले ते मार्गदर्शक त्या दिवशी टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसलेले असतात. ‘हे सरांनी सांगितले होते’ या उत्तराला तेथे किंमत नाही. प्रबंधातील प्रत्येक वाक्य आता उमेदवाराचे एकट्याचे असते.

पॅरिसच्या सॉरबॉनमध्ये २५ जून १९०३ रोजी मेरी क्यूरी किरणोत्सर्गी द्रव्यांवरील प्रबंध घेऊन परीक्षकांसमोर उभ्या राहिल्या. लिपमान, मॉयसां आणि बूती हे तिघे परीक्षक. त्यांपैकी मॉयसां यांना १९०६ साली आणि लिपमान यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. समोर उभ्या असलेल्या उमेदवार बाईंना ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिळावयाचे होते. रेडियमविषयी त्या दालनात सर्वांत अधिक कोणाला माहीत होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. चांगल्या प्रबंधाच्या बाबतीत हे थोड्याफार प्रमाणात नेहमीच खरे असते: त्या अरुंद वाटेवर उमेदवार परीक्षकापेक्षा अधिक चाललेला असतो.

परंतु क्यूरीबाईंचे निष्कर्ष परीक्षकांच्या मताच्या आड येत नव्हते. इरावतीबाई कर्वे यांचे तसे नव्हते. त्या १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. सून परदेशी जाते हे खुद्द महर्षी कर्वे यांना पसंत नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या पुरुषाच्या घरातही गोष्टी वाटतात तितक्या सरळ नसतात. बर्लिनच्या डालेम भागात १९२७ साली स्थापन झालेल्या मानवशास्त्र व आनुवंशिकता संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. मनुष्याच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते, हे तर उघडच आहे. फिशर यांचा तर्क असा की हा असमतोल गोऱ्या युरोपीय वंशात अधिक असावा, आणि त्याचा संबंध बुद्धीच्या श्रेष्ठतेशी असावा. या तर्काला मापांचा आधार मिळवून देण्याचे काम या मराठी विद्यार्थिनीकडे आले.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. कवटी मोजणे म्हणजे मापक लावून आकडा टिपणे इतके सोपे नाही. मधली रेषा कोठे धरावयाची येथूनच वाद सुरू होतो, कारण जी वस्तू मुळातच वाकडी आहे तिचा मध्य ठरविणे हाच पेच. एका बिंदूत केसभर चूक झाली तर पुढची सारी तुलना घसरते. या साऱ्या खटाटोपाअंती जे हाती आले ते फिशर यांना हवे होते त्याच्या उलट होते. असमतोल सर्वत्र होता, पण त्याचा वंशाशी संबंध दिसत नव्हता.

आता या विद्यार्थिनीपुढे काय काय वाटा होत्या ते पाहावे. ‘सामग्री अपुरी आहे, अधिक संशोधन व्हावे’ असे गुळमुळीत लिहून सुटता आले असते. निष्कर्षाचा परिच्छेद तक्त्यांच्या मागे दडवता आला असता. परका देश, घर हजारो मैलांवर, आणि पदवी ज्याच्या हाती तोच त्या तर्काचा जनक! इरावतीबाईंनी जे दिसले ते लिहिले, आणि त्याच्या पाठीशी त्या उभ्या राहिल्या. प्रबंध फेटाळला गेला नाही. मात्र फिशर यांनी उत्तीर्ण होण्यापुरती, म्हणजे खालात खालची श्रेणी दिली, अशी नोंद चरित्रकारांनी केली आहे. मापे खोटी आहेत असे म्हणावयास जागा उरली नाही म्हणजे रुष्ट परीक्षकाच्या हाती श्रेणीच तेवढी राहते. हेच फिशर १९३३ साली, हिटलर सत्तेवर आल्यावर, बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि वंशश्रेष्ठत्वाच्या त्या विचाराने पुढे काय अनर्थ केला ते जगाने पाहिले. इरावतीबाई पुण्यास परतल्या, डेक्कन कॉलेजात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले, आणि मापकाची पेटी घेऊन महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून हिंडल्या.

दर उमेदवारावर असा प्रसंग येत नाही हे खरे. आजच्या परीक्षेत विचारतात ते प्रश्न बहुधा साधेच असतात. हाच विषय का घेतला? अमुक साधन का सोडले? विरुद्ध मताच्या अभ्यासकाला काय उत्तर द्याल? यांतील शेवटचा प्रश्न ज्याने स्वतःला आधीच विचारला आहे, त्याला बाकीचे जड जात नाहीत. ज्याचे उत्तर ठाऊक नाही तेथे ‘हे मी पाहिलेले नाही’ असे स्वच्छ सांगावे. परीक्षक त्यावर रागावत नाहीत. ते रागावतात गोलगोल बोलण्यावर. आणि बाहेरून आलेले परीक्षक स्वतःच दहा मिनिटे बोलू लागले, तर ऐकून घ्यावे. तेही त्या दिवसाच्या कार्यक्रमाचाच एक भाग आहे.

मग उमेदवाराला बाहेर थांबावयास सांगतात. ओसरीवर मित्रमंडळी, एखादा चुलता, पेढ्यांचा पुडा पिशवीत लपवून आणलेली बहीण. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो, मध्येच कोणी हसते, आणि ते हसणे कशाचे यावर बाहेर तर्क चालतात. दार उघडते. अभिनंदन होते, हस्तांदोलन होते, आणि त्या गडबडीत बाहेरचे परीक्षक हळूच एक घडी घातलेला कागद हाती देतात: पृष्ठ १७ वरील ऱ्हस्व-दीर्घ, पृष्ठ २०३ वरील तळटीप, आणि संदर्भसूचीत दोनदा आलेला तोच एक ग्रंथ.