रस्त्याची खबर



मुळशीचे नाव निघाले की जुन्या माणसांना १९२१ सालचा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. तरुणांना आठवते ती हिंजवडीची कोंडी. हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्याचीच गावे. जिथे शेते होती तिथे संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि सकाळी कामाच्या वेळेला शिवाजी चौकात गेले तर आपण चौकात आहोत की वाहनतळावर, असा प्रश्न पडतो.

कोंडीची तक्रार सर्वांनीच करून झाली आहे. आम्ही आज विचार करणार आहोत तो कोंडीच्या खबरेचा. ही खबर मिळते कुठून, आणि ती कोणाच्या कामी येते?

आपल्या खिशातला मोबाइल आपण कुठे आहोत हे घडोघडी कळवीत असतो. चालले किती आणि वेळ लागला किती, एवढ्यावरून वेग निघतो; शेकडो मोबाइलांचे वेग एकत्र केले की नकाशावरचा रस्ता हिरवा, पिवळा किंवा लाल होतो. टॉमटॉम या डच कंपनीने अशाच नोंदींवरून २०२४ सालचा हिशेब मांडला. पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागतात असे त्यात निघाले, आणि संथ शहरांच्या यादीत पुण्याचा चौथा नंबर आला. पुण्याला कशातही मागे राहणे आवडत नाही, हे आपण जाणताच!

पण हा आकडा नुसता वेग सांगतो. गाडी सिग्नलने अडवली, खड्ड्याने अडवली की बंद पडलेल्या ट्रकने, हे तो सांगत नाही. शिवाय पलीकडे जायला वाट मिळेना म्हणून रस्त्याच्या कडेला ताटकळत उभी असलेली बाई या हिशेबात कुठेच नाही. तिची दहा मिनिटे कोण मोजणार? हमरस्ता लाल झाला की हेच यंत्र गाड्यांना गावच्या बोळात वळवते. त्या बोळात नुकतीच शाळा सुटलेली आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून एका खबरेवर विसंबून चालत नाही. पीएमपीची बस घ्या. ती रोज त्याच रस्त्याने जाते, त्यामुळे सोमवारची गाडी मंगळवारच्या गाडीशी ताडून पाहता येते. कंपन्यांना आपल्या पाळ्या कधी सुरू होतात हे ठाऊक असते. आमच्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची खबर हीच. हजारो माणसे एकाच अर्ध्या तासात निघणार हे आदल्या दिवशी ठाऊक असताना ती दुसऱ्या दिवशी रस्त्यावर कॅमेऱ्याने मोजायची, हा उलटा उद्योग झाला.

आणि जून २०२५ आठवा. पावसाने हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले आणि गाड्या जागच्या जागी अडकल्या. ओढा पूर्वी कुठून वाहत होता हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारले असते तर त्यांनी बोट करून दाखवले असते. तीही वाहतुकीचीच खबर, पण तिच्यासाठी कोणाच्या दप्तरात रकाना नाही.

अडचण दप्तरांचीच आहे. आतले रस्ते औद्योगिक महामंडळाचे, बाहेरचा महामार्ग केंद्राचा, माण ते शिवाजीनगर मेट्रोचे काम पीएमआरडीएचे, बस पीएमपीची, चौकातली शिट्टी पोलिसांची. पोलिसांनी २०१८ साली शिवाजी चौकाभोवती एकेरी चक्राकार वाहतूक सुरू केली. अशा योजनेत गाड्या वाहत्या राहतात, पण काहींचा फेरा वाढतो. वाचलेला वेळ एका वहीत आणि वाढलेला फेरा दुसऱ्या वहीत राहिला, तर योजना सफल झाली की नाही हे ठरवायचे कोणी?

आमचे मागणे फार मोठे नाही. पाऊस महिन्याभरावर आला आहे. त्याआधी पाळ्यांचे वेळापत्रक, बसच्या नोंदी आणि जुन्या ओढ्यांचा नकाशा, हे तीन कागद वाहतूक पोलिसांच्या एका टेबलावर यावेत. नकाशा काढायला माणची म्हातारी मंडळी येतील. त्यांना बोलावणे मात्र धाडावे लागेल.